मूल दुसऱ्याचे, तरी बोलावे का?

सिग्नल लाल होतो आणि शेजारी एक स्कूटर येऊन थांबते. बाप चालवतो आहे. मागे आई, तिच्या मांडीवर झोपलेले तान्हे बाळ, दोघांच्या मध्ये दाबून बसलेली एक मुलगी आणि पुढे पाय ठेवायच्या जागेवर उभा चार-पाच वर्षांचा मुलगा. हेल्मेट फक्त बापाच्या डोक्यावर. आईच्या बुरख्याचे टोक मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर लोंबते आहे. दिवा हिरवा व्हायला वीस-पंचवीस सेकंद उरले आहेत. बोलावे की गप्प बसावे?

असे प्रसंग आपण रोज पाहतो. एसटी स्टँडवर मागे येणाऱ्या गाडीच्या वाटेत खेळणारी मुले, लोकलच्या दारात आईचा हात सोडून उभे राहिलेले पोर, लग्नाच्या हॉलमागे देगी आणि उकळत्या तेलाच्या कढईभोवती चाललेली पळापळी. बासी ईदच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर मुले पाण्यात आणि मोठी माणसे वाळूत मोबाईल पाहत बसलेली. आपला जीव खालीवर होतो. पण लगेच दुसरे मन म्हणते, ‘त्यांचे आईबाप आहेत ना? आपण कोण सांगणारे? उलट बोलले तर चारचौघांत अपमान.’ तेवढ्यात सिग्नल सुटतो, स्कूटर निघून जाते आणि आपण मनात एक दुआ करून पुढे जातो.

दुआ करणे चांगलेच आहे. पण तेवढ्याने आपली जबाबदारी संपते का, हा या महिन्याचा विषय आहे.

मूल कोणाचे?

‘आमचे मूल आहे, आम्ही बघून घेऊ’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. मुलाला वाढवण्याचा, शिस्त लावण्याचा अधिकार आईबापाचा आहे, यात शंका नाही. मात्र दीनच्या दृष्टीने मूल ही आईबापाच्या मालकीची वस्तू नाही, ती अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक माणसाला मेंढपाळाची उपमा दिली आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारले जाईल, असे बजावले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये आहे. अमानतीचा हिशोब द्यायचा असतो, म्हणून तिच्याबाबतीत ‘आमची मर्जी’ चालत नाही.

मग बघणाऱ्याचे काय? बुखारी शरीफमध्ये जहाजाची हदीस आहे. जहाजात काही लोक वरच्या मजल्यावर आहेत, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर यावे लागते आणि वरच्यांना त्याचा त्रास होतो. तेव्हा खालचे ठरवतात की आपल्या भागात एक भोक पाडून घ्यावे. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील, हात धरून थांबवले तर सगळेच वाचतील. भोक पाडणाऱ्यांची नियत वाईट नव्हती, हे यात लक्षात घेण्यासारखे आहे. वरच्यांना त्रास नको, एवढाच त्यांचा विचार होता. रस्त्यावर दिसणारे बहुतेक आईबापही असेच असतात. मुलावर त्यांचे प्रेम नसते असे नाही. घाई असते, दुसरे वाहन परवडत नसते आणि आजवर काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे वाटत असते.

त्याच वेळी आपल्यावरही एक बंधन आहे. वाईट गुमान बाळगणे आणि दुसऱ्याच्या उणिवा शोधत फिरणे कुरआनने सूरह हुजुरातमध्ये मना केले आहे. म्हणून कोणाच्या डब्यात चिप्स आहेत, कोणाचे मूल मोबाईल बघत जेवते, कोणाच्या मुलीने स्वेटर घातला नाही, हे आपल्या अखत्यारीत येत नाही. आपला प्रश्न फक्त तिथे सुरू होतो, जिथे मुलाच्या जिवाला किंवा हातापायाला धोका आहे.

आधी हात, मग तोंड

धोका दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींसाठी वागणे वेगळे आहे.

पहिला प्रकार म्हणजे धोका आत्ता, या क्षणी आहे. मूल प्लॅटफॉर्मच्या कडेला गेले आहे, गाडी मागे येते आहे, लाट पायाखालची वाळू ओढते आहे. अशा वेळी ‘बोलावे का’ हा प्रश्नच नाही. फिकहच्या किताबांत नमाज तोडण्याच्या कारणांमध्ये एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. नमाज पढताना एखादा आंधळा माणूस किंवा अजाण मूल विहिरीकडे जाताना दिसले आणि ते पडेल अशी भीती वाटली, तर नमाज तोडून त्याला वाचवणे वाजिब आहे. त्या उदाहरणात मुलाचा बाप कोण, आई कुठे बघत होती, याची चौकशी नाही. अल्लाहसमोर उभे असतानाही जिथे थांबायचे नाही, तिथे लोक काय म्हणतील म्हणून थांबणे कसे चालेल?

उन्हाळ्यात बंद कारमध्ये मूल दिसले तर तोही याच प्रकारात मोडतो. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेल्या मुलाला गाडीत ठेवून आईबाप दुकानात जातात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात बंद काचांच्या आतला पारा अर्ध्या तासात पंधरा-वीस अंशांनी वर चढू शकतो, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. दुकानात किंवा हॉलमध्ये गाडीचा नंबर सांगून लगेच पुकारा करायला लावा, ११२ ला फोन करा. मूल घामेघूम होऊन निपचित पडलेले दिसत असेल तर चार लोकांना जमवून, मुलापासून लांबची काच फोडायलाही मागेपुढे पाहू नका.

दुसरा प्रकार सवयीचा आहे. स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल, कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवणारी पोरे, सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात दिलेली बाईक. इथे या मिनिटाला काही घडेलच असे नाही, पण कधीतरी घडेल. अशा ठिकाणी हात चालत नाही, शब्दच चालतात. आणि आपले सगळे घोडे अडते ते तिथेच.

कसे बोलावे

कुरआनमध्ये अल्लाहने हजरत मूसा आणि हजरत हारून (अ.) यांना फिरऔनकडे पाठवताना त्याच्याशी नरमाईने बोलण्याचा हुकूम दिला आहे. फिरऔनसारख्या जुलमी बादशहाशी नरमाईने बोलायचे असेल, तर सिग्नलवर थांबलेल्या थकल्याभागल्या बापाशी तर बोलायलाच हवे.

दुसरा दाखला मस्जिदे नबवीचा आहे. एक खेडवळ अरब मस्जिदीतच लघवीला बसला. सहाबा त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, त्याचे होऊ दिले, वर पाण्याची बादली ओतायला सांगितली आणि मग त्याला मस्जिदीचा आदब समजावून दिला. आधी माणसाची अब्रू राखली आणि चूकही सुधारली. सांगण्याचा हाच क्रम आहे.

प्रत्यक्षात शब्द कोणते वापरावेत? ‘तुम्हाला कळत नाही का?’, ‘मुलाचा जीव घ्यायचाय का?’ या वाक्यांनी समोरचा ऐकत नाही, तो स्वतःचा बचाव करू लागतो. बायको-मुलांसमोर तर अधिकच. त्याऐवजी फक्त दिसणारी गोष्ट सांगा. ‘ताई, तुमचा बुरखा चाकात जातोय.’ ‘भाऊ, छोट्याला मध्ये घ्या, पुढे ब्रेक लागला की छाती हॅण्डलवर आपटते.’ सलाम करून सुरुवात केली तर निम्मे काम तिथेच होते. वाक्य एकच असावे. उत्तराची वाट पाहत उभे राहू नये, वाद तर मुळीच घालू नये. तो ‘ठीक आहे’ म्हणेल किंवा तोंड फिरवेल, आपल्या कानावर पडलेली गोष्ट मात्र घरी जाईपर्यंत मनात राहते.

कारण सांगितले की बोलणे टोमण्यासारखे वाटत नाही. अनेकांना कारण खरोखरच ठाऊक नसते. गिअर नसलेली स्कूटर चालू ठेवून बाप दुकानात पुडी आणायला उतरतो आणि पुढे उभे असलेले मूल हॅण्डल धरून रेस पिळते. गाडी मुलासकट सुटते. ‘चावी काढून घ्या, भाऊ’ एवढे सांगणे पुरेसे असते.

कायदाही सांगता येतो, पण धमकीसारखा नव्हे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी २०२२ मध्ये केंद्राने नियम केले. त्यानुसार मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मोहल्ल्यातल्या ज्या बापाला आपला मुलगा ‘एकदम पक्का चालवतो’ याचा अभिमान आहे, त्याला ही माहिती मस्जिदीबाहेर, एकट्याला गाठून द्यावी.

फक्त आईलाच का?

एक गोष्ट बंधूंसाठी आणि भगिनींसाठीही. मूल पडले, हरवले, रडले की आजूबाजूचे सगळे आईकडे बघतात. ‘कशी आई आहे!’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. बाप दोन पावलांवर फोनवर बोलत असतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. कडेवर एक, बोटाला एक, खांद्यावर पिशवी आणि हातात तिकीट अशी बाई एसटीत चढत असते, तेव्हा तिचा तिसरा हात कुठून येणार?

प्रेषितांना (स.) नमाज लांबवायची असे, पण मागून मूल रडल्याचा आवाज आला की आईच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत. मस्जिद भरलेली असताना त्यांचे लक्ष त्या आईकडे जात होते. एकदा ते खुत्बा देत असताना हजरत हसन आणि हुसैन (रजि.) लाल कपड्यांत अडखळत, पडत-उठत येताना दिसले. प्रेषित (स.) मिंबरवरून उतरले, दोघांना उचलून आणले आणि मग खुत्बा पुढे चालू केला. मुले सांभाळणे हे फक्त बायकांचे काम आहे, असे मानणाऱ्यांनी ही घटना आठवावी.

म्हणून अनेकदा नसीहतीपेक्षा मदत मोठी असते. ‘मुलाला नीट धरा’ म्हणण्याऐवजी ‘ताई, पिशवी द्या इकडे, तुम्ही मुलाला धरा’ म्हणावे. वलीम्याच्या हॉलमध्ये ‘पोरांना आवरा’ असे ओरडण्याऐवजी देगीजवळ एक मोठा माणूस उभा करावा. उपदेश करणारे खूप असतात, पिशवी धरणारे कमी.

संशयाची भीती

आता एका अवघड गोष्टीकडे येऊ. ती टाळून हा विषय पुरा होत नाही. अनोळखी मुलाला हात लावायलाच माणसे घाबरतात. त्यातून अंगावर बुरखा किंवा चेहऱ्यावर दाढी असेल आणि वस्ती परकी असेल, तर अधिकच.

ही भीती उगाच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाईलवर फिरत होत्या. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव फिरून पोट भरणारे गरीब लोक होते. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त झाल्याच्या बातम्या होत्या. ती माणसे आपल्या जातीधर्माची नव्हती, पण संशय कसा कोणाचाही जीव घेतो, हे त्यातून सगळ्यांनाच कळले.

म्हणून मूल एकटे, हरवलेले दिसले तर काय करावे, याची रीत ठरवून घेतलेली बरी. पहिली गोष्ट, मुलाला घेऊन कुठेही जाऊ नका. जिथे सापडले तिथेच थांबा. हरवलेल्या मुलाचे आईबाप शोधत बहुधा त्याच जागी परत येतात. दुसरी, मोठ्याने बोला. ‘हे मूल कोणाचं आहे?’ असे चारजणांना ऐकू जाईल असे विचारा. चोरी करणारा माणूस ओरडत नाही. तिसरी, जवळच्या एखाद्या बाईला, दुकानदाराला किंवा हमालाला लगेच सोबत घ्या. दोन-तीन अनोळखी माणसे मिळून उभी असली की कोणा एकावर बोट येत नाही. चौथी, मुलाला खायला देऊ नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. पाचवी, पोलिसांना ११२ वर किंवा चाइल्डलाइनला १०९८ वर कळवा. रेल्वेत असाल तर १३९ लावा किंवा मूल स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांच्या हवाली करा.

हे कळवणे ही नुसती भलाई नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार हरवलेले किंवा टाकून दिलेले मूल ज्याला सापडते, त्याने २४ तासांच्या आत त्याची खबर देणे बंधनकारक आहे. आणि अपघातात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्याच्या मागे पोलिसांचे लचांड लागेल, ही भीतीही आता कायद्याने दूर केली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये त्यासाठी १३४-अ हे कलम आले. रस्त्यावर जखमी मूल दिसले तर नेकनियतीने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही.

संशय येण्याची वेळ आपण आपल्या बाजूनेही कमी करू शकतो. ईदगाहला, उरुसाला, रमजानच्या बाजारात जाताना मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मुलाला आपले आणि बापाचे पूर्ण नाव पाठ हवे. नुसते ‘अब्बू’ आणि ‘अम्मी’ सांगून शोधणारा कोणाला शोधणार?

‘अल्लाह मालिक आहे’

बोलायला गेले की एक उत्तर असे येते की पुढे बोलणेच खुंटते. ‘अल्लाह मालिक आहे, काही होत नाही.’ यावर वाद घालणे कठीण, कारण वाक्य खरे आहे. पण ते चुकीच्या जागी वापरलेले असते. ऊंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. तिरमिजीमधली ही हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असते.

अबू दाऊदमध्ये याहून थेट एक हदीस आहे. कठडा नसलेल्या छतावर जो झोपतो, त्याच्या हिफाजतीची जबाबदारी उरत नाही, असा तिचा आशय आहे. चौदाशे वर्षांपूर्वी छताच्या कठड्याचा विचार दीनने केला. संक्रांतीच्या सुमारास अर्ध्या बांधकामाच्या गच्च्यांवर आभाळाकडे बघत मागे मागे सरकणारी आपली मुले त्या हदीसच्या अगदी समोर उभी असतात. तवक्कल म्हणजे कठडा न बांधणे नव्हे.

आणि आपल्याला कोणी सांगितले तर?

आतापर्यंत आपण बघणारे होतो. उद्या आपण बघितले जाणारे असू. एखादा अनोळखी काका, शेजारची मावशी किंवा बसमधला कॉलेजचा मुलगा आपल्याला म्हणेल, ‘मुलाचा हात खिडकीबाहेर आहे.’ त्या वेळी ‘तुम्हाला काय करायचंय?’ हे उत्तर ओठांवर येईल. ते गिळता आले पाहिजे, कारण आपले मूलही ते ऐकत असते. अशा उत्तरातून ते शिकते की काळजीने बोलणारा माणूस शत्रू असतो. मग उद्या ते विहिरीच्या काठावर असताना कोणी हाक मारली तर ते थांबेल का?

सांगणाऱ्याचा सूर चुकीचा असू शकतो. त्याला आपली अडचण माहीत नसते. तो जरा जास्तही बोलून जाईल. तरी त्याने सांगितलेली गोष्ट खरी असेल, तर त्याने आपल्या अमानतीची राखण केली आहे, आणि तीही फुकट. ओळखीचा असो, परका असो, आपल्या धर्माचा असो वा नसो, त्याचे आभार माना. खिडकीतला हात आधी आत घ्या, आणि स्पष्टीकरण द्यायचेच असेल तर ते नंतर द्या.